बर्लिनहून सांसूसी: विद्यार्थ्यांसाठी एका दिवसाची सहल, सकाळच्या गाडीपासून परतीच्या गाडीपर्यंत

बर्लिनला शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच सेमिस्टरमध्ये कुणीतरी सांगतं, "एकदा पॉट्सडॅमला जाऊन ये." जातातही सगळे. स्टेशनबाहेर ६९५ नंबरची बस पकडायची, सांसूसी राजवाड्याच्या मागच्या अंगाला उतरायचं, वरच्या गच्चीवर फोटो काढायचे, तिकिटाची रांग बघून हबकायचं आणि त्याच बसने परत यायचं. म्हणजे बाग पाहिली ती वरून, राजवाडा पाहिला तो पाठीमागून आणि उरलेली पावणेतीनशेहून जास्त हेक्टर बाग पाहायचीच राहिली.

हे ठिकाण खालून वर चढत आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत पाहायचं असतं. राजवाडा लहान आहे, तासाभरात संपतो. दिवस द्यायचा तो बागेला. खालचा सगळा बेत त्याच हिशेबाने आखला आहे. त्यात चालणं सात-आठ किलोमीटर होईल.

वार ठरवा, मग महिना

सोमवारी सांसूसी राजवाडा बंद असतो. मंगळवारी बागेच्या दुसऱ्या टोकाचा मोठा राजवाडा, नॉयेस पाले, बंद असतो. शनिवार-रविवारी गर्दी असते, आणि नॉयेस पालेसमोरच्या विद्यापीठाची मेन्सा, म्हणजे खानावळ, बंद असते. राहिले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. टाइमटेबलमध्ये यातला एखादा दिवस मोकळा असेल तर तोच धरा.

महिना मे-जून किंवा सप्टेंबर. कारंजी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. थंडी सुरू झाली की संगमरवरी पुतळ्यांवर लाकडी खोकी चढवतात, ती वसंतापर्यंत तशीच. नोव्हेंबरात गेलात तर अपोलो आणि व्हीनसच्या जागी राखाडी पेट्यांची रांग दिसेल. त्यातही एक गंमत आहे, पण पहिल्या भेटीसाठी नको. जुलैत परीक्षा डोक्यावर असतात आणि ऊनही चांगलंच लागतं.

तिकीट आधी, बाकी सगळं नंतर

बागेत फिरायला तिकीट लागत नाही. प्रवेशद्वारापाशी ऐच्छिक देणगी मागतात, ती द्यायची की नाही हे तुमच्यावर आहे. राजवाड्याच्या आत जायला मात्र वेळ नेमून दिलेलं तिकीट लागतं आणि ती वेळ पाळावीच लागते. ते घरी बसून ऑनलाइन काढा. साडेदहाची वेळ सगळ्यात सोयीची, कारण राजवाडा दहाला उघडतो आणि सहलीच्या मोठ्या बसेस अजून पोचलेल्या नसतात. विद्यार्थ्यांना सवलत आहे. तिकीट काढताना 'एरमेसिश्ट' हा पर्याय निवडा आणि विद्यापीठाचं ओळखपत्र जवळ ठेवा, कारण दारात ते विचारतात.

एकाच तिकिटात पॉट्सडॅममधले सगळे राजवाडे पाहता येतील असं एक दिवसाचं तिकीटही मिळतं. "एवढे पैसे भरतोच आहोत तर सगळंच बघू" असा हिशेब आपल्याकडे लगेच होतो. तो करू नका. एका दिवसात तीन राजवाडे पाहिले की संध्याकाळी कुठली सोनेरी खोली कुठल्या राजवाड्यात होती हे आठवत नाही. एक राजवाडा आतून आणि बाकीचे बाहेरून, एवढंच ठरवा.

गाडी

बर्लिन मुख्य स्टेशनवरून पॉट्सडॅमला दोन रस्ते. एस-बान एस-सात सगळीकडे थांबत जाते, तिला साधारण चाळीस मिनिटं लागतात. प्रादेशिक गाडी आरई-एक पंचवीस मिनिटांत पोचवते. सकाळी साडेआठच्या सुमाराची कुठलीही आरई पकडली तरी साडेदहाची वेळ आरामात गाठता येते.

आता तिकिटाचं. बर्लिनचे भाड्याचे पट्टे तीन, ए, बी आणि सी. पॉट्सडॅम सी पट्ट्यात येतं. देशभर चालणारं सेमिस्टर तिकीट किंवा डॉइचलांड तिकीट असेल तर काहीच करायचं नाही, सरळ बसायचं. पण नुकतेच आला असाल आणि खिशात फक्त एबी तिकीट असेल तर सी पट्ट्याचं जोडतिकीट आधी घ्या. बी पट्टा वानझे स्टेशनला संपतो, त्याच्या पुढे तपासनीस भेटला तर ६० युरो दंड होतो, आणि "माहीत नव्हतं" हे उत्तर त्यांनी रोजच ऐकलेलं असतं. यंत्रातून कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या लहान पेटीत ते छापून घ्यायला विसरू नका.

पिशवीत काय

डबा घ्या. बागेतल्या उपाहारगृहांचे भाव विद्यार्थ्यांसाठी नाहीत. थालीपीठ, पोळीची गुंडाळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, असं हाताला तेल न लागता उभ्याउभ्या खाता येईल ते उत्तम. रविवारी गेलात तर जर्मनीत बहुतेक दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून आदल्या दिवशीच सामान आणा. पाण्याची बाटली, पातळ रेनकोट, आणि पायात सवयीचे बूट. वाटा बारीक खडीच्या आहेत. नवे बूट किंवा चपला घालून आलेल्यांचे दुपारी हाल होतात. थोडी सुटी नाणी ठेवा, स्वच्छतागृहाला लागतात. मोठी सॅक नेऊ नका, राजवाड्याच्या आत ती नेता येत नाही.

हिरवळीवर चटई टाकून पंगत बसवायचा विचार असेल तर तो सोडा. इथं वाटेवरूनच चालायचं असतं. डबा बाकावर बसून खायचा. सायकलही ठराविक वाटांवरच चालते. १९९० पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे आणि माळीकाकांचं लक्ष असतं.

खालच्या दाराने आत

पॉट्सडॅम मुख्य स्टेशनबाहेर ६९५ ची रांग दिसेल. तिकडे न जाता ट्राम घ्या, ९१ किंवा ९४, आणि लुइझेनप्लाट्झला उतरा. समोर ब्रांडेनबुर्ग दरवाजा आहे. बर्लिनचा नव्हे, पॉट्सडॅमचा स्वतःचा. हा १७७०-७१ मध्ये बांधला, म्हणजे बर्लिनच्या प्रसिद्ध दरवाजापेक्षा जुना. दरवाजाजवळून सांसूसीकडे जाणारा झाडांचा रस्ता धरला की काही मिनिटांत हिरव्या लोखंडी जाळीचं फाटक लागतं. आपण आत जाणार ते इथून.

फाटकालगत शांतिचर्च आहे. वेळ असेल तर पाच मिनिटं डोकवा. कमानीच्या छतावर सोनेरी पार्श्वभूमीचं मोझेक आहे ते तेराव्या शतकातलं, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या एका चर्चमधून काढून इथं आणून बसवलेलं. या चर्चची पायाभरणी १४ एप्रिल १८४५ ला झाली, सांसूसी राजवाड्याच्या पायाभरणीला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. मुहूर्त पाहणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

तिथून डावीकडची वाट धरून चालत राहा. झाडी संपते आणि एकदम मोठं गोल तळं समोर येतं. मध्ये कारंजं, कडेने पांढरे पुतळे, मागे एकावर एक सहा पायऱ्यांसारखे गच्चीमळे आणि सगळ्यात वर पिवळा, बुटका, एकमजली राजवाडा. हे दृश्य खालूनच पाहायचं असतं, कारण ते इथूनच पाहण्यासाठी रचलेलं आहे. वरून पाहिलं की नुसत्या पायऱ्या दिसतात.

कारंज्यापाशी थांबा, विशेषतः इंजिनियर असाल तर

हा राजवाडा प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४५ ते १७४७ मध्ये बांधला. त्याला तळ्याच्या मध्यभागी उंच उडणारं कारंजं हवं होतं. बेत असा, की हाफेल नदीचं पाणी पवनचक्क्यांच्या जोरावर राजवाड्यामागच्या टेकडीवर चढवायचं, तिथल्या हौदात साठवायचं आणि मग उताराने खाली सोडायचं. १७४८ मध्ये टेकडीवर हौद बांधला. तो उघडा दिसू नये म्हणून भोवती खोटे रोमन भग्नावशेषही उभे केले, ते अजून आहेत. पाणी चढवायला लाकडी नळ घेतले, ओंडके पोखरून केलेले. दाब आला की ते फुटायचे. पुन्हा नवे, पुन्हा फुटायचे.

त्या वेळी बर्लिनच्या अकादमीत लेओनार्ड ऑयलर होता, होय, गणिताच्या पुस्तकातला तोच ऑयलर. त्याने हिशेब करून सांगितलं होतं की नळात इतका दाब येईल की लाकूड टिकणार नाही, पुरेशा जाडीचे धातूचे नळ घ्या. पैसे वाचवायच्या नादात ते झालं नाही. आणि १७७८ मध्ये म्हातारा राजा फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरला लिहितो काय, तर ऑयलरच्या भूमितीवर विसंबून केलेली यंत्रणा घोटभर पाणीही वर नेऊ शकली नाही! साइटवर कंत्राट कुणी कसं उरकलं हे बाजूला राहिलं आणि ठपका डिझाइन करणाऱ्यावर आला. ऑयलरची त्या वेळची कागदपत्रं नंतरच्या इतिहासकारांनी तपासली तेव्हा त्याचा इशारा बरोबर होता हे पुढे आलं. पण किस्सा राजाचाच जास्त पसरला.

राजाच्या हयातीत १७५४ साली एकदाच, तेही हौदात साचलेल्या पावसाबर्फाच्या पाण्यावर, कारंजं थोडा वेळ उडालं. नंतर तळं शांत ते शांतच. ऑक्टोबर १८४२ मध्ये, राजा जाऊन छप्पन्न वर्षं झाल्यावर, बोर्झिग कंपनीचं ऐंशीहून थोड्या जास्त अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बसवलं तेव्हा कुठे पाण्याची धार ३८ मीटर उंच गेली. ते इंजिन कुठे आहे ते पुढे सांगतो, दिवसाच्या शेवटी तिथंच जायचं आहे.

राजाचे लाकडी नळ फुटत होते साधारण त्याच काळात, नानासाहेब पेशव्यांच्या वेळी, कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने पुण्यात आलं आणि हौद भरले. फरक चढाचा. कात्रज शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपोआप वाहत आलं. इथं नदी खाली आणि हौद वर. प्रशियाच्या राजाकडे त्या काळातलं युरोपातलं सगळ्यात शिस्तबद्ध सैन्य होतं, पण पाण्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

पायऱ्या चढताना

मधल्या जिन्याला १३२ पायऱ्या आहेत. सरळ वर न पळता दुसऱ्या-तिसऱ्या गच्चीवर बाजूला वळा आणि भिंतीजवळ जा. भिंती आत दबलेल्या, कमानीसारख्या वळणाच्या आहेत, तोंड दक्षिणेकडे, म्हणजे दिवसभराचं ऊन विटांमध्ये मुरतं. भिंतीवर द्राक्षांचे वेल, आणि मध्ये मध्ये काचेची दारं लावलेले कोनाडे, सगळे मिळून १६८. त्या काचांच्या आड अंजिरं लावायची. जर्मनीच्या थंडीत अंजीर पिकवायची ही राजाची हौस. द्राक्षवेल पोर्तुगाल, इटली, फ्रान्सहून आणलेले. ढगाळ दिवस नसेल तर विटेला हात लावून पाहा, हवेत गारवा असला तरी वीट कोमट लागते. लहान कोनाडा, दुहेरी काच नाही, हीटर नाही, तरी काम होतं.

सगळ्यात वरच्या गच्चीवर, राजवाड्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला, जमिनीसपाट काही साध्या दगडी फरशा आहेत. एकीवर राजाचं नाव, बाकीच्या त्याच्या लाडक्या कुत्र्यांच्या. राजाच्या फरशीवर बहुतेक वेळा बटाटे ठेवलेले दिसतात. कुणी सांडलेले नाहीत, मुद्दाम ठेवतात. १७५६ मध्ये त्याने शेतकऱ्यांना बटाटा लावायचा हुकूम काढला होता, त्याची आठवण. आपल्यालाच इथं कुत्र्यांशेजारी पुरावं, थाटमाट नको, असं राजाने लिहून ठेवलं होतं. १७ ऑगस्ट १७८६ ला तो याच राजवाड्यात आरामखुर्चीत गेला. पुतण्याने ते न ऐकता त्याला गावातल्या चर्चमध्ये बापाच्या शेजारी ठेवलं, आणि याच बापाशी त्याचं आयुष्यभर पटलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात शवपेटी मिठाच्या खाणीत लपवली, मग मारबुर्ग, मग होहेन्झोलर्न किल्ला अशी फिरली. १७ ऑगस्ट १९९१ च्या रात्री ती शेवटी इथं आली. इच्छा पुरी व्हायला दोनशे पाच वर्षं लागली.

आत

साडेदहाच्या दहा मिनिटं आधी दारात उभे राहा. ऑडिओ गाइड तिकिटातच येतो. मुख्य खोल्या दहाच्या आसपास, सगळ्या एका रांगेत. घाई करण्यासारखं काही नाही. संगमरवरी दिवाणखान्याचा घुमट पाहा, रोमच्या पँथिऑनचा आदर्श समोर ठेवून केलेला. पाहुण्यांच्या बाजूची एक पिवळी खोली 'व्हॉल्टेअरची खोली' म्हणून ओळखली जाते. भिंतीवर लाकडात कोरलेली माकडं, पोपट, फळंफुलं. व्हॉल्टेअर १७५० ते १७५३ राजाच्या पदरी होता, शेवटी भांडून गेला. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दिवाणखान्यातून बागेत जायला एकही उंच पायरी नाही. वास्तुविशारद क्नोबेल्सडॉर्फचं म्हणणं, राजवाडा जोत्यावर उचला, नाहीतर खालून पाहताना तो अर्धा बुडालेला दिसेल. राजा म्हणाला, मला खोलीतून थेट बागेत पाऊल टाकायचंय. वाद झाला आणि क्नोबेल्सडॉर्फला काम सोडावं लागलं. खालच्या तळ्यापाशी तुम्हाला राजवाडा बुटका वाटला ना? क्नोबेल्सडॉर्फ बरोबर होता. आणि गच्चीवर उभं राहिलात की राजाही बरोबर वाटतो.

बाहेर आल्यावर पवनचक्कीजवळच्या पर्यटक केंद्रात स्वच्छतागृह आहे, ते इथंच उरका. पुढे बराच वेळ सोय नाही. पवनचक्की १९४५ मध्ये जळाली होती, आजची १९९३ मधली. राजाला कोर्टात खेचण्याची धमकी देणाऱ्या गिरणीवाल्याची गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच, ती दंतकथा आहे.

पश्चिमेकडे

इथून दोन वाटा. वरची वाट तीनशे मीटर लांबीच्या ऑरेंजरीसमोरून, म्हणजे कुंड्यांतली झाडं हिवाळ्यात ठेवायच्या इमारतीसमोरून, जाते, ऐटबाज आहे, पण उन्हात चालावं लागतं. मी खालची घ्या म्हणेन. पायऱ्या उतरून पुन्हा तळ्यापाशी या आणि सरळ मुख्य रस्त्याला लागा. हा रस्ता पूर्वेकडच्या स्तंभापासून नॉयेस पालेपर्यंत सुमारे दोन किलोमीटर सरळ रेषेत जातो. थोडं पुढे गेल्यावर डावीकडे झाडांत चिनी घर आहे. तिथं वळा.

१७५५ ते १७६४ मध्ये बांधलेला हा छोटा गोलसर मंडप. भोवती सोन्याचा मुलामा दिलेले दगडी पुतळे, कुणी चहा पितोय, कुणी वाद्य वाजवतोय. कपडे चिनी, टोप्या चिनी, आणि चेहरे पक्के युरोपीय. तेव्हा युरोपात 'चिनी' गोष्टींची फॅशन होती आणि ज्यांनी हे घडवलं त्यांनी चीन पाहिला नव्हता. इथल्या भारतीय रेस्टॉरंटातल्या भिंतीवरचे राजा-राणी पाहिले असतील तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. आत जायची गरज नाही, खरी मजा बाहेरच आहे. जवळच्या बाकावर डब्यातलं थोडं खाऊन घ्या.

मुख्य रस्त्यावर परत आलात की नॉयेस पाले समोर दिसायला लागतो आणि बराच वेळ जवळ येत नाही. सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं आणि राजाने लगेच हा बांधायला काढला, १७६९ पर्यंत पुराही केला. दोनशेच्या वर खोल्या. आपला खजिना रिकामा झालेला नाही हे जगाला दाखवायचं होतं. जवळ जाऊन भिंत नीट पाहा. लाल विटा आणि पांढऱ्या रेघा दिसतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गिलाव्यावर रंगवलेल्या आहेत. मला हा राजवाडा आवडत नाही, पण त्याच्या मागे जे आहे ते आवडतं. अर्धवर्तुळाकार खांबांची कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन देखण्या इमारती. मूळ वापर स्वयंपाकघर आणि नोकरचाकरांचा. आज तिथं पॉट्सडॅम विद्यापीठ आहे. पायऱ्यांवर मुलं लॅपटॉप घेऊन बसलेली असतात.

या आवारातच मेन्सा आहे. दुपारी दीडच्या आत पोचा, म्हणजे गरम जेवण मिळेल. बाहेरच्या विद्यापीठातल्यांना पाहुण्यांचा दर लागतो, तरी बागेतल्या कुठल्याही उपाहारगृहापेक्षा स्वस्तच. शाकाहारी पदार्थ असतात. मीठ-तिखटाची अपेक्षा ठेवू नका, लोणच्याची पुडी आणली असेल तर तिचा उपयोग इथं.

थकला असाल तर दिवस इथंच संपवा. जवळच पार्क सांसूसी स्टेशन आहे, तिथून प्रादेशिक गाड्या मिळतात, किंवा ६०५ नंबरची बस मुख्य स्टेशनवर नेते.

पाय चालत असतील तर

नॉयेस पालेकडून बागेच्या दक्षिण अंगाने परत पूर्वेला निघा. इथं एकदम मोकळं वाटतं. सरळ रेषा नाहीत, वाटा वळत जातात, झाडं पुंजक्यांनी, मध्ये लांबवर कुरण. हा भाग ऐंशीएक वर्षांनंतरचा, बागरचनाकार पेटर योझेफ लेन्ने याचा. सकाळी पाहिलेली बाग कातरून, मोजून केलेली होती. ही वरवर पाहता आपोआप वाढल्यासारखी, पण एकेक झाड कुठे असावं हे ठरवूनच. मध्ये शार्लोटेनहोफ हा वास्तुविशारद शिंकेलने १८२६ ते १८२९ मध्ये केलेला छोटा, पांढरा बंगला लागतो. आपल्याला राहायला द्यायचा झाला तर मी तिन्हींतला हाच मागेन.

बागेच्या दक्षिणेकडून बाहेर पडा, शार्लोटेनहोफ स्टेशनवरून ब्राइटे श्ट्रासेच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं चाला. हाफेलच्या खाडीकाठी पट्ट्यापट्ट्यांच्या विटांची, घुमट आणि मिनार असलेली एक मशीद दिसेल. ती मशीद नाही. ते कारंज्याचं पंपघर आहे, वास्तुविशारद लुडविग पेर्झिउसने १८४१ ते १८४३ मध्ये बांधलेलं. मिनार म्हणजे धुराडं. आत बोर्झिगचं इंजिन अजून आहे. आतून पाहायची सोय फक्त उन्हाळ्यात आणि मोजक्या दिवशी असते, पण बाहेरून पाहायला वेळेचं बंधन नाही. आज कारंजं विजेच्या पंपावर चालतं आणि ते पंपही इथंच आहेत.

पंपघराजवळून ट्राम मुख्य स्टेशनला दहाएक मिनिटांत नेते. परतीला आरई-एक वेगवान असली तरी संध्याकाळी ती भरून येते. एस-सात घ्या. ती इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते.